बुडाखालचं नाव

गेल्या हिवाळ्यात पुण्यात आमच्या काही जणींच्या भांड्यांचं प्रदर्शन होतं. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. एक वयस्क गृहस्थ बराच वेळ एका वाडग्यापाशी उभे होते. वाडगा माझा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, काठावरून अंगठा फिरवला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. भांड्यातलं कळणारा माणूस हे याच क्रमानं करतो, त्यामुळे जरा लांब उभी राहून मी मनातून सुखावले होते. मग त्यांनी वाडगा उपडा केला. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, न लागलेली बुडाची खरबरीत कडा पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून आणखी जवळून पाहिली आणि विचारलं, "नाव नाही का घातलेलं?" मी म्हटलं, नाही. "मग हे कुणाचं म्हणायचं?" प्रश्नात खोच नव्हती. घरी कुणी विचारलं तर सांगता यावं, एवढंच त्यांना हवं असणार. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वाडगा जपून होता तिथे ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे वळले.

वाडगा तिथेच राहिला. प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

मी भांड्यांवर सही करत नाही, याचं मूळ शोजी हामादा हे जपानी कुंभार. मी शिकायला लागले तेव्हा स्टुडिओत मातीच्या पिंपांवरच्या भिंतीला त्यांचा एक कृष्णधवल फोटो चिकटवलेला होता. गोल चष्मा, भरलेलं शरीर, मांडी घालून बसलेले, पुढ्यात लाकडी चाक आणि ते फिरवायला हातात काठी. विजेची चाकं सर्रास मिळायला लागल्यावरही हा माणूस काठीच्या चाकावर बसत राहिला. त्या फोटोतलं मला काहीच परकं वाटलं नाही. आमच्या गावच्या कुंभारआळीतही असंच असायचं. चाकाच्या खाचेत काठी घालून ते गरागरा फिरवायचं, वेग आला की काठी बाजूला टाकून मातीवर ओणवं व्हायचं आणि चाकाचा वेग मरायच्या आत मडकं वर आणायचं. विजेच्या चाकावर माणूस हवा तितका वेळ घेऊ शकतो, एकच काठ दहा वेळा घासूनपुसून सरळ करू शकतो. मरत्या वेगावर तशी मुभा नसते. हाताला येतं ते येतं, नाही ते राहून जातं. हामादांच्या भांड्यांचा काठ किंचित हेलकावलेला असतो, पोटावर बोटांचे वळसे तसेच राहू दिलेले असतात, आणि भांडं जमिनीवर असं बसलेलं असतं की ते कुणी ढकलू नये. मी ती भांडी बहुतेक चित्रांतूनच पाहिली आहेत. तरीही काहींचं वजन मला मनगटात जाणवतं.

तो फोटो पुण्यातल्या भिंतीपर्यंत पोचायला दोन वाटा झाल्या असाव्यात. गुरचरण सिंग 1919 च्या सुमारास मातीकाम शिकायला जपानला गेले. तिथे त्यांची गाठ इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच, लोककलेचे विचारवंत सोएत्सु यानागी, हामादा अशा मंडळींशी पडली. सगळे तेव्हा तरुण होते, त्यांचं मोठेपण अजून पुढे होतं. पुढे 1952 मध्ये गुरचरण सिंगांनी दिल्लीत स्वतःची पॉटरी काढली. दुसरी वाट पाँडिचेरीची. रे मीकर आणि देबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि देबोरा त्याआधी जपानात बिझेनला शिकून आल्या होत्या. आज आपल्याकडे स्टोनवेअर, म्हणजे फार तापवून दगडासारखी घट्ट होणारी भांडी, करणाऱ्या कुणाच्याही गुरूंची नावं मागे मागे विचारत गेलं, की बहुतेक वेळा यांतल्या एका दारापाशी येऊन थांबावं लागतं. आमच्या शिक्षिका पाँडिचेरीच्या दारातून आलेल्या.

हामादांचा प्रवास मला पुन्हा पुन्हा आठवावासा वाटतो, कारण तो आपल्या अपेक्षेच्या उलट दिशेनं झाला. सुरुवात रसायनशास्त्रातून. तोक्योत तंत्रशिक्षण, मग क्योतोच्या संशोधन संस्थेत कांजिरो कावाई या मित्राबरोबर ग्लेझच्या हजारो चाचण्या. किती लोह, किती राख, किती तापमान याची एकेक नोंद. 1920 मध्ये ते लीचबरोबर इंग्लंडला गेले आणि सेंट आइव्हजच्या समुद्रकाठी दोघांनी पॉटरी उभी केली. तिथून ते डिचलिंग नावाच्या गावी गेले. एथेल मेरे ही विणकर बाई तिथे राहायची. तिचं हातमागाचं काम, घरात रोज वापरली जाणारी साधी भांडी, शेत, जेवणाचं टेबल, सगळं एकाच धाग्यात होतं, आणि हामादांच्या मनानं तेव्हाच घेतलं की आपणही खेड्यात राहायचं. 1923 च्या मोठ्या भूकंपानंतर ते मायदेशी परतले आणि माशिको हे ठिकाण त्यांनी निवडलं. माशिकोत तेव्हा तोक्योच्या स्वयंपाकघरांसाठी लोणच्याची भांडी, पाण्याचे रांजण, किटल्या बनायच्या. तिथली माती भरड, तिच्यात नाजूक काम होत नाही. ग्लेझही गावातलेच: जवळच्या खाणीतला एक मऊ दगड कुटून केलेला, भाजल्यावर गेरूकडे झुकणारा तांबूस तपकिरी, आणि दुसरा भाताच्या तुसाच्या राखेचा, सायीसारखा पांढरा. हजारो चाचण्या केलेला माणूस हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या ग्लेझांवर येऊन थांबला आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांत राहिला. त्यांनीच कधीतरी म्हटलंय की आपल्याला वाट क्योतोत सापडली, सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, शिकणं ओकिनावात झालं आणि वाढ माशिकोत झाली.

यातलं ओकिनावा माझ्या जवळचं आहे, कारण तिथे ऊस आहे.

1924 मध्ये लग्न झाल्यावर हामादा पत्नीला घेऊन ओकिनावाला जाऊन राहिले. त्सुबोया या कुंभारवस्तीत काम करता करता त्यांनी वाऱ्यात हलणारा ऊस पाहिला आणि त्याचं रेखाटन केलं. मधे दांडा, दोन्ही बाजूंना पानं, एखादं मोडून झुकलेलं. लोहाच्या तपकिरी रंगात, कुंचल्याच्या मोजक्या फटक्यांत. मग तोच ऊस त्यांनी थाळ्यांवर, बाटल्यांवर, चौकोनी फुलदाण्यांवर, चहाच्या वाडग्यांवर आयुष्यभर काढला. चित्रकार मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्या विचारतात, कंटाळा नाही आला? मला वाटतं, ज्यांचं बालपण उसात गेलंय त्यांना हा प्रश्न पडणार नाही. माझं गेलं, कऱ्हाडच्या बाजूला. उसाच्या पानाला धार असते. फडात शिरलं की हातांवर बारीक चिरा पडतात, आणि घाम लागला की त्या चुरचुरतात. वारा सुटला की अख्खा फड एका अंगाला कलतो आणि पानांवर पानं घासून जो कोरडा आवाज होतो तो रात्री घरात झोपल्यावरही ऐकू येतो. दरवर्षी तोच ऊस, तीच लागण, तीच तोडणी, तीच पाचट जाळल्याची राख उडून अंगणात पडायची. आमच्या घरात कुणी म्हटलं नाही की यंदाही ऊसच का. काही गोष्टींबरोबर राहायचं असतं, आणि राहता राहता हात त्यांना ओळखायला लागतो. हामादांच्या सुरुवातीच्या उसात पानं ओळखू येतात. नंतरच्या उसात मला वारा जास्त दिसतो.

मी ऊस काढत नाही. मातीवर तो आता त्यांचा आहे. माझ्या डोळ्यांत बसलेली गोष्ट त्याच फडातली पण वेगळी आहे. पाळीचं पाणी यायचं तेव्हा आजोबा पाट फोडून सरीत पाणी सोडायचे आणि मी बांधावर बसून पाण्याचं टोक पाहायचे. कोरड्या ढेकळांत ते सरळ जात नाही. थबकतं, फुगतं, एखाद्या भेगेत नाहीसं होतं, पुन्हा वर येतं, आणि त्याच्या पुढे दोन बोटं माती आधीच काळी झालेली असते. राखेचा ग्लेझ भट्टीत वितळून भांड्याच्या पोटावरून खाली उतरतो आणि बुडाच्या जरा वर जाड होऊन थांबतो, तेव्हा तीच ओली कड तिथे मला भेटते. मी हे कुणाला ठरवून शिकवू शकणार नाही. राख कुठली, किती जाड लावायची, भट्टीतली उष्णता दाखवणारा मातीचा छोटा सुळका किती वाकला की भट्टी बंद करायची, हे मी वहीत लिहून ठेवते. त्या वहीत आजोबांची सरी कुठेही नाही आणि सगळ्या नोंदी तिच्यासाठीच केलेल्या आहेत.

हामादांची एक गोष्ट कुंभारकामाच्या प्रत्येक वर्गात कधी ना कधी सांगितली जाते. मोठ्या थाळीवर नक्षी करायची त्यांची एक पद्धत होती. पळीत ग्लेझ घ्यायचा आणि थाळीवर एका झोतात ओतत हात फिरवायचा. ग्लेझची धार पडते तीच नक्षी. पाहायला आलेल्या कुणीतरी म्हटलं, एवढ्या मोठ्या थाळीला हे फार झटपट होतं, जेमतेम पंधरा सेकंद लागले. हामादांनी सुचवलं की हे पंधरा सेकंद अधिक 60 वर्षं असं मोजून पाहा. वर्गात ही गोष्ट मेहनतीचं महत्त्व पटवायला सांगतात. मला मात्र त्यातल्या पंधरा सेकंदांचं जास्त वाटतं. साठ वर्षं पदरी असताना त्या पंधरा सेकंदांत त्यांना मधे न पडणं जमलं. हात फिरतोय, ग्लेझ पडतोय, आणि आपण त्याला अडवत नाही आहोत, ही अवस्था मला फार क्वचित लाभते. लाभते तेव्हा ती नंतर कळते, पळी बादलीत परत ठेवताना. आणि मग हाताला कंप सुटतो.

प्रेरणा कुठून मिळते, असं प्रदर्शनात लोक हमखास विचारतात. माझ्या तोंडी निसर्ग वगैरे शब्द येतात आणि ते खोटे नसतात. पण हामादांनी याचं एक उत्तर घर भरून ठेवलंय. माशिकोतल्या त्यांच्या जागेत, आसपासच्या गावांतून आणून पुन्हा उभ्या केलेल्या जुन्या घरांत, त्यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. ते 1977 मध्ये उघडलं आणि पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला हामादा गेले. तिथे कोरियन मडकी आहेत, इंग्लंडच्या खेड्यातल्या थाळ्या आहेत, चीन, मध्यपूर्व, दक्षिण अमेरिका इथल्या वस्तू आहेत, खुर्च्या आहेत, कापड आहे. एखादी वस्तू पाहून आपण तिच्यापुढे हरलो असं वाटलं की ते ती घेत. नामवंत झाल्यावरही ते हरायला तयार असत, आणि हरल्याची खूण घरात डोळ्यांसमोर ठेवत. माझ्या घरात अशी एकच वस्तू आहे, आजीची लोणच्याची बरणी. वरचा भाग तपकिरी, खालचा पिवळट पांढरा, झाकणाचा काठ एका जागी उडालेला. हजारोंच्या संख्येनं निघालेला हा कारखान्याचा माल. पण तिचा खांदा जिथे वळतो, तिथे तो इतका योग्य वळतो की मी कित्येकदा ती ओट्यावर घेऊन नुसती बसते. हिंग-मोहरीचा वास अजून गेलेला नाही. हे वळण कुणी ठरवलं असेल? साचा करणाऱ्या कुणीतरी. त्याच्याबद्दल मला काहीही माहीत नाही, आणि मी त्याच्याशी रोज हरते.

इथेच सहीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि इथे माझं मन हामादांशी पूर्ण जुळत नाही. सेंट आइव्हजला असताना ते भांड्यावर आपल्या नावाचा छोटा शिक्का उठवत. जपानला परतल्यावर त्यांनी तो सोडला. यानागींचा विचार त्यामागे होता: लोकांच्या वापरातली, नाव नसलेल्या कारागिरांनी केलेली भांडी ही सर्वांत निर्मळ, कारण त्यांत करणाऱ्याचा मी आडवा येत नाही. सांगतात की सही का नाही असं विचारल्यावर हामादा म्हणत, पुढे माझी वाईट भांडी शिष्यांच्या नावावर जातील आणि शिष्यांची चांगली माझ्या. हे वाक्य मला फार आवडतं. पण जपानी रीतीप्रमाणे भांड्याबरोबर लाकडी पेटी असते आणि त्या पेटीच्या झाकणावर हामादा आपलं नाव लिहीत. आज त्यांचं भांडं पेटीसकट आलं तर किंमत वेगळी, पेटीविना आलं तर वेगळी. 1955 मध्ये जपान सरकारनं त्यांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून गौरवलं. अनामिकतेची थोरवी सांगणाऱ्या चळवळीतला हा माणूस जगातल्या सर्वांत माहीत असलेल्या कुंभारांपैकी एक झाला. यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. त्यांचं जगणं वाचलेल्या कुणालाच तसं वाटणार नाही. पण नाव सोडून देणं ज्याला नाव आहे त्यालाच जमतं, हेही खरं आहे, आणि ते मला टोचतं.

कारण आमच्या आळीतल्या कुंभारांना कुणी कधी विचारलंच नाही. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, उन्हाळ्यात माठ, आणि कुणी गेलं की खांद्यावरून न्यायचं मडकं. आयुष्याच्या प्रत्येक वळणावर त्यांचं भांडं आपल्या हातात असतं आणि त्याच्या बुडाखाली नाव नसतं. त्यांनी नाव अर्पण केलेलं नाही, ते त्यांच्याकडे कधी मागितलंच गेलं नाही. माती कुठली, त्यात लीद किती, राख किती, हे ते हाताच्या अंदाजानं जाणतात. थापटणं बाहेरून, गोटा आतून, आणि दोन्हींच्या मधे कोवळी माती पातळ होत जाते, तो आवाज ऐकत मी मोठी झाले. गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, कुणाचं डोकं कच्चं नि कुणाचं पक्कं ते. म्हणजे मडकं परखण्याचा जो अधिकार आहे तो आपल्या परंपरेनं कुंभाराच्या हातात दिला, त्याच्या घरी संत जमले, आणि तरीही बाजारात माठ घेताना आपण दहा रुपयांवरून घासाघीस करतो. मी आता माठ घेते तेव्हा नाव विचारते. समोरचा माणूस आधी बिचकतो, चौकशी कसली म्हणून, मग सांगतो. घरी पाहुण्यांना पाणी देताना मी ते नाव सांगते. माझी भांडी मात्र अजून कोरीच ठेवते. दोन्ही एकाच वेळी का करावंसं वाटतं, ते मला नीट मांडता येत नाही, पण त्या गृहस्थांना पुन्हा भेटले तर एवढं नक्की म्हणेन की या वाडग्याची माती, राख आणि ज्वाळा यांची नावं घातल्याशिवाय माझं एकटीचं घालायला हात धजत नाही.

ज्वाळेवरून हामादांच्या भट्टीकडे यावंच लागतं. माशिकोत त्यांच्या अंगणातली मोठी भट्टी आठ कप्प्यांची, चढावर एकापुढे एक पायऱ्यांनी रचलेली, लाकडावर चालणारी. खालच्या तोंडाशी जाळ लावायचा, आग कप्प्याकप्प्यातून वर चढत जाते, आणि पुढे प्रत्येक कप्प्याला बाजूनंही सरपण द्यायचं. एवढ्या भट्टीत हजारो भांडी बसतात. एवढी मोठी कशाला, या प्रश्नावर त्यांनी दिलेलं उत्तर मी कितीतरी वेळा मनात घोळवलंय. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: भट्टी लहान असती तर मी तिच्यावर पूर्ण ताबा ठेवू शकलो असतो, माझी ताकद तिथे पुरली असती. मोठ्या भट्टीपुढे माझी ताकद अगदी क्षीण होते. तिथे माझ्यापलीकडच्या कुणाची तरी कृपा लागते, आणि मला स्वतःच्या जोरापेक्षा कृपेवर काम करणारा कुंभार व्हायचं आहे. सही सोडण्यापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं. सही पुसायला एक क्षण पुरतो. आपल्याला आवरणार नाही एवढी आग समजून उमजून अंगणात बांधायची आणि महिन्यांची मेहनत तिच्या स्वाधीन करायची, याला वेगळीच छाती लागते.

2011 च्या भूकंपात ती भट्टी ढासळली. कमानी खाली आल्या, विटा मोकळ्या झाल्या. मालक जाऊन तीस वर्षांवर काळ लोटलेला, ती तशीच स्मारक म्हणून जपता आली असती. माशिकोच्या लोकांनी ती पुन्हा बांधली, आणि 2015 मध्ये तिच्यात पुन्हा जाळ केला. आत गावातल्या आणि बाहेरच्या कितीतरी कुंभारांची भांडी होती. पाळ्या लावून सगळ्यांनी सरपण घातलं. त्या भांड्यांवर कुणाची सही होती, कुणाची नव्हती.

आम्ही काही जणींनी मुळशीच्या बाजूला एक जागा पाहिली आहे. चढ आहे, ओढा जवळ आहे, सुबाभळीचं सरपण मिळेल. इतकी वर्षं आम्ही गॅसच्या भट्टीवर काम केलं. तिचा मला आदर आहे, ती सांगितलेलं ऐकते. आता लाकडाची बांधायची. एका जुन्या कारखान्याच्या पाडकामातून निघालेल्या अग्निविटा पावसाआधी आणून ताडपत्रीखाली रचून ठेवल्यात. वाद एवढाच चाललाय की कप्पे किती. बाकीच्यांचं म्हणणं एकच कप्पा करावा, आपल्याला झेपेल एवढा, रात्रभर दोघी जागल्या तरी पुरेल. त्यांचं चुकत नाही. दिवाळीनंतर पाया खणायचा आहे, त्याआधी ठरायला हवं. मी तीन म्हणतेय.